अण्णांची कुरकुर

आमच्या घरात गजराचे घड्याळ नाही. पहाटे पावणेचारला अण्णा सायकलचे स्टँड पायाने मागे सारतात, खट्ट असा आवाज होतो आणि घर जागे होते. अण्णा पेपर टाकतात. सिडकोत त्यांची लाइन आहे, माझ्या जन्माच्या आधीपासूनची. कोणत्या दारी ‘गावकरी’, कोणत्या दारी ‘देशदूत’, कोणाला रविवारी दोन अंक लागतात, कोणते आजोबा केवळ शब्दकोड्यासाठी पेपर घेतात, हे सारे त्यांना तोंडपाठ. वहीत फक्त बाकी लिहिलेली असते.

अण्णांचे शिक्षण सातवीपर्यंत. येवल्याकडचे आमचे गाव कोरडवाहू. पाऊस दगा देऊ लागला तेव्हा ते आजीला घेऊन नाशिकला आले आणि पेपरचे गठ्ठे उचलणाऱ्या पोरांत मिसळले. ते मथळा भरभर वाचतात, आतला मजकूर बोट फिरवीत सावकाश वाचतात, आणि वाचून झाले की कुरकुरतात. पुरवण्या भरता भरता त्यांचे चालूच असते.

“‘प्रशासन सज्ज.’ सज्ज म्हंजे काय करू राहिलं, ते लिहा ना! ‘नागरिकांना दिलासा.’ कोणत्या नागरिकाला? आपल्या गल्लीत तर कोणी दिलासा घेऊन आला नाय.”

आई म्हणते, “ज्याच्यावर पोट भरतं त्यालाच नावं ठेवता तुम्ही.” त्यावर अण्णांचे ठरलेले उत्तर : “तू मेथी निवडूनच करती ना? तशी मी बातमी निवडतो.”

त्यांच्या या निवडण्याला तीन प्रश्न असतात. कोणी पाहिलं? कोणाला झालं? पुढं काय झालं? या तीन प्रश्नांतून जी बातमी सुटेल ती खरी. बाकी सगळा त्यांच्या भाषेत ‘पाला’.

अण्णांच्या शेजारच्या लाइनीवर एक काका होते. दोघे रोज पहाटे एकाच दिव्याखाली पुरवण्या भरीत. काकांचा स्वभाव अगदी उलटा. छापले आहे म्हणजे खरेच असणार, अशी त्यांची श्रद्धा. “एवढे शिकलेले लोक लिहितात, ते काय येडे हायेत का?” असे ते म्हणत, आणि दोघांचा वाद गठ्ठे सायकलला बांधून होईपर्यंत चाले. वाद अर्धा राहिला तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू.

हे सगळे मी लहानपणापासून ऐकत आले. त्यात काही ऐकण्यासारखे आहे हे मात्र मला २०२० च्या एप्रिलमध्ये कळले, जेव्हा पेपरच बंद झाला.

मी तेव्हा आठवीत होते. २० मार्चला पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि मी परीक्षेवाचून नववीत गेले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. संध्याकाळी पाचला सगळ्या गल्लीने थाळ्या वाजवल्या. आमच्या एका थाळीला त्या दिवशीचा पोचा अजून आहे. २४ तारखेला रात्री आठ वाजता एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. साखरेची गाठी मिळाली नाही, म्हणून आईने गुढीला नुसता कडुलिंबाचा डहाळा बांधला. आजी म्हणाली, “यंदा नुसतं कडूच हाय.”

त्याच आठवड्यात कागदावरून रोग येतो अशी आवई उठली. “उद्यापासून पेपर नको” असे फोन येऊ लागले. एका सोसायटीने फाटकाला कुलूप लावले. मग गठ्ठेच येईनासे झाले. पेपरवाल्याला पैसे महिना संपल्यावर मिळतात, तेही दारोदार फिरून. मार्चचे पेपर लोकांनी वाचले होते, पण बिल बंद दारांच्या आत राहिले. एजंटाचे देणे मात्र बाहेर होते.

आता त्या एप्रिलमधला कोणताही एक दिवस घ्या. सगळे सारखेच होते.

पावणेचारला अण्णा उठत. सायकल काढायची नसे, म्हणून स्टँडचा आवाज होत नसे. आणि गंमत अशी की आवाज झाला नाही म्हणूनच आम्हाला जाग येई. अण्णा सायकल पुसत, चेनला तेल देत आणि उजाडेपर्यंत उंबरठ्यावर बसून राहत. आई सवयीने चहा करी, पण दुधाच्या काटकसरीसाठी चौघांत दोन कप.

नऊ वाजता ‘रामायण’. २८ मार्चपासून दूरदर्शनने ती जुनी मालिका पुन्हा सुरू केली होती, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. आजी हातपाय धुऊन टीव्हीसमोर पाट मांडून बसे. तिचीही कुरकुर होतीच. पंचवटी दाखवली तेव्हा ती म्हणाली, “ही कुठली पंचवटी? गोदावरी कुठाय हिच्यात?” रामनवमी २ एप्रिलला झाली आणि ४ तारखेला कामदा एकादशी आली. दर वर्षी त्या दिवशी काळारामाच्या उत्सवातले रथ निघतात. नाशिकला आल्यापासून आजीने रथ चुकवला नव्हता. त्या वर्षी रथ निघाला नाही. आपल्याच गावचा राम टीव्हीत पाहायची पाळी आली, याचा राग ती दिवसभर भांड्यांवर काढीत होती.

‘रामायण’ संपले की बातम्यांचे महाभारत सुरू होई. पडद्यावर सहा चौकोन, सहा चौकोनांत सहा माणसे आणि सहाही जण एकाच वेळी बोलत. अण्णा विचारत, “हा माणूस एवढा वरडू का राहिला? आपुन काय येवल्यात बसलोय का?” रस्त्यावर कोण फिरते, कोण नियम मोडते, यावर घरात बसून तावातावाने बोलणे चाले. “उंटावरून शेळ्या हाकू राहिलेत,” असे म्हणून ते आवाज बंद करीत. मग नुसती हलणारी तोंडे पाहत आम्ही शेंगा सोलत असू. आजीची तक्रार वेगळी : मुंबई दाखवतात, पुणे दाखवतात, दिल्ली दाखवतात, “आपलं नाशिक कधी दाखवायचे?”

दुपारी जेवणात पिठले-भाकरी आणि द्राक्षे. असा बेत कधी कोणी ऐकला आहे का? पण माझ्या मामांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि टाळेबंदी आली ती ऐन हंगामात. व्यापारी फिरकेना. भाजीच्या गाडीबरोबर मामांनी दोन कॅरेट द्राक्षे आमच्याकडे धाडली आणि उरलेल्या मालाचे बेदाणे करायला घेतले. एके दुपारी टीव्हीच्या खालच्या पट्टीत ओळ सरकली : ‘द्राक्ष उत्पादक हवालदिल’. आई थबकून पाहू लागली. भावाचे नाव यावे तशी. ओळ दोन वेळा फिरली आणि तिच्या जागी दुसरी आली. अण्णा म्हणाले, “हवालदिल म्हंजे किती? किती कॅरेट? कर्ज कोणाचं? संपली का बातमी?” त्या दिवशी आईने त्यांना नावे ठेवली नाहीत.

जेवणानंतर रद्दी. ही आमच्या घरातली खरी टाळेबंदी-शाळा. पेपर बंद, पण घरात न खपलेल्या जुन्या अंकांचा ढीग होता. रद्दीवाल्याचे दुकानही बंद. अण्णांना वाचल्यावाचून करमेना. ते मला म्हणाले, “तू वाच बाई, मी ऐकतो. जुना असला तरी चालंल.” मी खालून एक अंक ओढला. जानेवारीचा होता. पहिल्या पानावर कांद्याचा भाव आणि आतल्या पानावर, जाहिरातीच्या बाजूला, बोटभर बातमी : चीनमधल्या वुहान शहरात नवा आजार.

अण्णा उठून बसले. “परत वाच.” मी परत वाचली. “बघ, घरात आलेला पाहुणा तव्हा सातासमुद्रापलीकडं होता. आनि मी ह्या बातमीवरून गठ्ठ्याची दोरी बांधली.”

त्या दिवसापासून खेळच सुरू झाला. मी तारीखवार अंक लावले. ३० जानेवारीला केरळात देशातला पहिला रुग्ण सापडला होता. त्यानंतरच्या अंकात ती बातमी कुठे आहे, किती मोठी आहे, फेब्रुवारीत कोण काय म्हणाले आणि मार्चमध्ये तोच माणूस काय म्हणाला, हे आम्ही शोधू लागलो. ‘घाबरण्याचे कारण नाही’ हे वाक्य किती वेळा आले ते मी वहीत रेघा ओढून मोजत होते. अण्णांचा तिसरा प्रश्न — पुढं काय झालं? — याचे उत्तर आजच्या पेपरात कधीच नसते, ते जुन्या पेपरात असते, हे मला त्या ढिगात बसून समजले. आणि ज्या माणसाला मी अडाणी कुरकुऱ्या समजत होते तो हा प्रश्न वीस वर्षे विचारीत आला होता, हेही.

संध्याकाळी काकांचा फोन. दोघांचा वाद आता फोनवरून चाले. ५ एप्रिलला रात्री नऊला नऊ मिनिटे दिवे लावायचे होते. काकांनी कुठेतरी ऐकले होते की एवढ्या उजेडाने विषाणू मरतो. “कोणी पाहिला मरताना?” अण्णा विचारत. काका म्हणत, “तुमचा कशावर इश्वासच नाय.” फोन ठेवता ठेवता दोघेही हळूच विचारीत : “बिलाचं काय झालं? कोणी दिलं का?” कोणी दिले नव्हते. एका घरातल्या बाईंनी मात्र स्वतः फोन करून मार्चचे पैसे पाठवले. अण्णांनी ते त्या दिवशी सगळ्यांना दोनदा सांगितले. “ही बातमी,” म्हणाले, “आपुन पाहिलेली.”

रात्री आकडे. राज्यात इतके, जिल्ह्यात इतके. अण्णा आकडे ऐकून घेत आणि त्यावर काही बोलत नसत. आकड्याला प्रश्न विचारता येत नाही, असे ते म्हणत.

१८ एप्रिलला राज्य सरकारचा आदेश निघाला : वर्तमानपत्रे छापायला हरकत नाही, घरोघर वाटायला मनाई. अण्णा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. “म्हंजे स्वैपाक करा, पन वाढू नका!” पुढे काही दिवसांत मुंबई-पुण्याचा पट्टा आणि प्रतिबंधित क्षेत्रे सोडून ही मनाई सैल झाली. आमच्या दारात पुन्हा पहाटे खट्ट असा आवाज झाला. मार्चमध्ये लाइनीवर २१४ अंक होते, मेच्या सुरुवातीला ६१.

मे महिन्यात अण्णा लाइन संपवून उशिरा येऊ लागले. मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसे चालत निघाली होती. मुंबईकडून येणारी, कसारा घाट चढून आलेली, मध्य प्रदेशात आणि उत्तर प्रदेशात जाणारी. १ मेला नाशिक रोडहून भोपाळसाठी मजुरांची खास गाडी सुटली, दुसऱ्या दिवशी लखनौसाठी सुटली. पण चालणारे संपत नव्हते. आई भाकऱ्या बांधून देई आणि अण्णा सायकलच्या ज्या कॅरियरवरून पेपर नेत त्यावरून त्या नेत. एकदा मीही गेले. एक बाई डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेऊन चालली होती. तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. अण्णांनी तिला विचारले, “कहाँ से?” ती म्हणाली, “भिवंडी.” “कहाँ तक?” तिने नुसता पुढे हात केला.

८ मेला तेव्हाच्या औरंगाबादजवळ, करमाड येथे, रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळला चालत निघाले होते. दुसऱ्या दिवशी रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र सगळीकडे होते. अण्णा ते बराच वेळ पाहत राहिले. मी कुरकुरीची वाट पाहत होते. ते एवढेच म्हणाले, “ह्या फोटोवाल्यानं पाहिलं.” अण्णांनी एखाद्या बातमीला पसंती दिल्याचे मला आठवते ते एवढेच.

एक वर्ष गेले. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट होती आणि पुन्हा निर्बंध. २१ एप्रिलला रामनवमी होती. आजीने सकाळीच देव्हाऱ्यातल्या रामाला हार घातला. दुपारी टीव्ही लावला तर प्रत्येक वाहिनीवर नाशिक. महापालिकेच्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा कमी पडून २२ रुग्ण गेले. मुंबईच्या वाहिन्यांवर नाशिक, दिल्लीच्या वाहिन्यांवर नाशिक. वर्षभर जे मागितले ते आले होते. आजीने हात जोडले आणि म्हणाली, “असं नव्हतं म्हनलं मी.” अण्णांनी उठून टीव्ही बंद केला.

त्याच महिन्यात काका गेले. त्या बावीसांत नव्हे. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी खाट मिळाली, आठव्या दिवशी निरोप आला. दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णांनी एकट्याने पुरवण्या भरल्या. जिल्ह्याच्या पानावर नेहमीचा चौकोन होता : आजचे रुग्ण, बरे झालेले, मृत्यू. अण्णा घरांचे नंबर लिहायला कानामागे पेन्सिल ठेवतात. ती काढून त्यांनी शेवटच्या आकड्याशेजारी काकांचे नाव लिहिले. तो अंक आमच्या रद्दीत गेला नाही. आईच्या पत्र्याच्या पेटीत आहे.

पुढचे सात महिने अण्णांनी दोन लाइनी टाकल्या. पावणेचारऐवजी तीनला उठायचे. काकांच्या लाइनीचे बिल महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काकूंच्या हातात जाई. एकदा मी म्हणाले, “अण्णा, तुम्ही थकता.” तर म्हणाले, “त्याच्या लाइनीत एक घर चुकलं तर तो माझ्याशी भांडंल.” नंतर काकांच्या मुलाने लाइन हाती घेतली.

आता मी द्वितीय वर्ष कला शाखेत आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मीच पहिली. गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला सर साधनांच्या चिकित्सेबद्दल सांगत होते : हे कोणी लिहिले, त्याने ते स्वतः पाहिले होते का, कोणासाठी लिहिले, नंतरच्या पुराव्याशी ते जुळते का. मला हसू आले. सरांना वाटले, माझे लक्ष नाही. लक्ष होते, सर. एवढेच की हा धडा मी आधी एकदा शिकले होते, रद्दीच्या ढिगावर बसून.

त्याच तासाला कळले की २०२० मध्ये लागू केलेला साथरोग कायदा १८९७ चा आहे, प्लेगच्या वेळचा. आणि प्लेगच्या त्याच वर्षी ‘केसरी’तल्या मजकुराबद्दल टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. घरी येऊन अण्णांना सांगितले. ते म्हणाले, “म्हंजे साथ आली की पहिली पंचाईत पेपराची, हे जुनंच हाय.” मग विचारले, “पन तव्हा पेपर टाकायला कोण जायचं, ते लिहिलंय का कुठं?” मी अजून शोधते आहे.

हे सगळे लिहिण्याचे एक कारण आहे, ते शेवटी सांगते. प्रथम वर्षाच्या प्रवेशअर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ असा रकाना होता. त्यात मी लिहिले होते : ‘वृत्तपत्र व्यवसाय’. खोटे नव्हते. पण ते ज्या हेतूने लिहिले तो खोटा होता. एका मैत्रिणीने विचारले, “तुझे वडील पत्रकार आहेत?” आणि मी म्हणाले, “हो, तसेच.” त्या दिवशी संध्याकाळी अण्णा बोट फिरवीत पेपर वाचत होते, तेव्हा मला त्यांच्याकडे वर मान करून पाहवेना. ज्या माणसाने मला ‘सज्ज’ आणि ‘दिलासा’ या शब्दांना फसू नकोस असे शिकवले, त्याच्याबद्दल मी तसलाच एक शब्द शोधून काढला होता.

या वर्षीच्या अर्जात मी लिहिले आहे : ‘पेपर टाकतात.’

वार्षिकांक छापून आला की त्याची एक प्रत घरी जाईल. अण्णा मथळा भरभर वाचतील, आतला मजकूर बोट फिरवीत, आणि मग कुरकुर सुरू होईल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता येणार नाही. माझे पुढे काय होते ते व्हायचे आहे. पण ‘कोणी पाहिलं?’ असे त्यांनी विचारले तर मी सांगेन, अण्णा, मी पाहिलं.

— द्वितीय वर्ष, कला